केळकरांच्या घरचं प्रॅक्टिकल

कुठलंही मशीन उघडून परत जोडलं की दोन-तीन स्क्रू उरतात. मशीन चालतं, आपण खूश होतो आणि उरलेले स्क्रू खिशात टाकून देतो. मग कधीतरी किल्ल्या काढताना ते हाताला लागतात. बर्मिंगहॅमच्या 'यंत्रबंधू शिक्षण प्रतिष्ठाना'चा सेक्रेटरी झाल्यापासून माझ्या खिशात असे बरेच किस्से जमलेत. कुणाही मराठी माणसाकडे जेवायला गेलो की ताकभातापर्यंत कुणीतरी म्हणतंच, "तो मंजिरीचा किस्सा सांग रे!"

तो शेवटी. आधीचे ऐकल्याशिवाय तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण मी त्या खोलीत होतो.

*

'यंत्रबंधू' ही इकडे इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मराठी मुलांची संघटना. नव्या मुलाला खोली शोधून द्यायची, जुनी पुस्तकं पुढच्याला द्यायची, एकमेकांना भाऊ मानायचं आणि सभासद होताना हातात पाना धरून शपथ घ्यायची. प्रतिष्ठान म्हणजे या मुलांच्या पाठीशी उभी असलेली वडीलधारी मंडळी. कुणाचं शिक्षण अडलं तर मदत करायची, फॅक्टरीत ट्रेनिंग मिळत नसेल तर ओळख काढायची. मीही त्यांच्याच मदतीने शिकलो, पण तेव्हा मुलाखती नव्हत्या; चेक पोस्टाने यायचा, ट्रस्टी मी कधी पाहिले नव्हते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ड्रॉइंग ऑफिसात पहिली नोकरी आणि डोक्यात जग बदलायची घाई! सेक्रेटरी व्हायला मी एका पायावर तयार झालो.

पहिली मीटिंग डॉ. केळकरांच्या घरी होती. केळकर अध्यक्ष, हाडांचे डॉक्टर. शेजारी डॉ. गोखले, भूल देणारे. ते बसल्या बसल्या स्वतःच झोपलेले. पलीकडे एक डोळ्यांचे डॉक्टर, एक लहान मुलांचे. चहा झाला, चिवडा झाला. शेवटी न राहवून मी विचारलं, "काका, इंजिनिअर कधी येणार?"

"कुठले इंजिनिअर?"

"ट्रस्टी!"

"अरे, इंजिनिअर आज इथे, उद्या तिथे," केळकर म्हणाले. "एक कॅनडाला गेला, एक पुण्याला परतला. पेशंट कुठे जात नाहीत, म्हणून आम्ही उरलो."

मी हादरलो. इंजिनिअरांच्या प्रतिष्ठानात औषधालाही इंजिनिअर नव्हता!

*

मग सभासदत्वासाठीची पहिली मुलाखत. उमेदवार नितीन, नाशिकचा, अतिशय सिन्सिअर मुलगा. आठवडाभर थर्मोडायनॅमिक्स घोकून आलेला. गळ्यातला टाय माझा होता.

केळकरांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं आणि सरळ किचनमध्ये नेलं. वॉशिंग मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी बाहेर टाकत नाही. हे चालू करून दाखव, मग पुढचं बोलू."

नितीन माझ्याकडे बघायला लागला. मी केळकरांकडे.

"काका, ही मुलाखत आहे!"

"मग? हे प्रॅक्टिकल."

"मुलं इथे शिकायला आलीत, तुमची घरची कामं करायला नाही!"

"आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हाला खरी माणसं दिली होती," केळकर शांतपणे म्हणाले. "हे तर मशीन आहे. ओरडतसुद्धा नाही."

बऱ्याच वेळाने नितीनने मशीनच्या पोटातून एक काळा मोजा ओढून काढला. केळकरांनी तो एक्स-रे धरावा तसा खिडकीच्या उजेडात धरला.

"हा माझा! दिवाळीपासून शोधतोय!"

नितीन पास झाला. थर्मोडायनॅमिक्सचा टी-सुद्धा कुणी काढला नाही.

*

मला वाटलं, ही त्या दिवसापुरती लहर असेल. छे! एकदा एप्रिलमध्ये गेलो, तर केळकरांच्या पत्नी सुधाकाकू खलबत्त्यात चटणी कुटत होत्या. मिक्सर मागे कपाटावर.

"काकू, मिक्सर असताना हे काय?"

"बंद पडलाय, फेब्रुवारीत."

"मग दुरुस्तीला द्या ना!"

काकूंनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "अरे, जूनमध्ये मुलाखती आहेत ना!"

आणि त्यांनी मला गॅरेज दाखवलं. गवत कापायचं मशीन, इस्त्री, टोस्टर, व्हिडिओ, सगळे रांगेत उभे. हॉस्पिटलच्या बाहेर पेशंट बसावेत तसे! कोपऱ्यात एक गुलाबी हेअर ड्रायरही होता. काकूंचे केस पांढरे, बारीक कापलेले. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"शेजारच्या बाईचा. तिला म्हटलं, जूनपर्यंत थांब. फार हुशार मुलं येतात आमच्याकडे."

वर्षभर ज्याला शिक्षणाचं महान कार्य म्हणून मी भाषणं ठोकत होतो, ते हे!

त्या घरात एकाच वस्तूला विद्यार्थ्यांचा हात लागत नसे: केळकरांचा रेडिओ. पुण्याहून बोटीने आणलेला, लाकडी पेटीचा, भिंतीतल्या विजेवर चालणारा. क्रिकेटची मॅच असली की टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओची कॉमेंटरी चालू. त्याच्यावरची धूळसुद्धा केळकर स्वतः पुसायचे. काकू म्हणायच्या, "मला ताप आला तर हे गोळी देतात. रेडिओ खरखरला तर रजा काढतात!"

*

डॉ. गोखल्यांना जागं मी एकदाच पाहिलं. लंडनहून एक स्मार्ट मुलगा आला होता. फर्स्ट क्लास, बोलण्यात पटाईत. त्याला टोस्टर दिला. तो टोस्टरच्या इतिहासावर बोलत बोलत स्क्रूड्रायव्हर आत घालणार, तोच गोखले खुर्चीतून ताडकन उठले.

"प्लग!!"

मुलाच्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. माझ्या हातून चहाचा कप.

प्लग भिंतीत होता आणि स्विच चालू.

"मी जाग्या पेशंटवर कुणाला सुरी चालवू देत नाही," गोखले म्हणाले. "आधी भूल, मग सुरी. आधी प्लग, मग स्क्रूड्रायव्हर. नापास!" आणि परत डोळे मिटले.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे भांडायला मुद्दा नव्हता.

*

आता वार्षिक जेवण. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, श्रीखंड-पुरीचा बेत. प्रमुख पाहुणे म्हणून केळकरांनी एका फॅक्टरीच्या इंग्रज मॅनेजरला बोलावलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन केळकरांनीच केलेलं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

बिचारा दहा वर्षं संपांना तोंड देऊन पिकलेला माणूस. तो हॉलमध्ये शिरला आणि नेमकी आमची शपथ सुरू झाली. सगळी पोरं उभी, प्रत्येकाच्या हातात उंच धरलेला पाना, आणि एकसुरात मराठी गर्जना!

मॅनेजर जागच्या जागी थिजला. मग हळूहळू मागे सरकत दाराला टेकला आणि घोगऱ्या आवाजात इंग्रजीत विचारता झाला, "तुमच्या मागण्या काय आहेत?"

मी खुलासा करायला धावलो. केळकरांनी माझा कोट मागून धरला.

"दरवर्षी आमच्या दोन मुलांना तुमच्या फॅक्टरीत वर्षभर ट्रेनिंग!" ते म्हणाले.

"मान्य!" मॅनेजर म्हणाला. "आता ते पाने खाली ठेवायला सांगा."

त्याला खरा प्रकार कळला तो श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीला. पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. तेव्हापासून दरवर्षी त्या फॅक्टरीत यंत्रबंधूंच्या दोन जागा असतात.

*

त्यातल्याच एका जागेसाठी मंजिरी आली.

मंजिरी बर्मिंगहॅममध्येच जन्मलेली, त्यामुळे मराठी बोलताना 'चा-ची-चं'ची गल्लत करणारी. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, वर्गात एकटी मुलगी. तिच्या कोर्सचं तिसरं वर्ष फॅक्टरीत काढायचं असतं. तिच्याबरोबरच्या सगळ्या मुलांना जागा मिळाल्या होत्या. हिला फॅक्टऱ्यांकडून उत्तरं यायची ती अशी: आमच्याकडे लेडीज टॉयलेट नाही. सप्टेंबरपर्यंत जागा मिळाली नाही तर युनिव्हर्सिटी तिला कोर्सवरून काढून दुसऱ्या विषयाला ढकलणार होती. आमची एक जागा रिकामी होती, पण ती फक्त यंत्रबंधूंच्या सभासदाला. आणि सभासद करून घ्यायचं की नाही, ते ट्रस्टी ठरवणार.

नितीन तोवर मुलांचा प्रमुख झाला होता. तो म्हणाला, "आमची काही हरकत नाही. माझ्यापेक्षा चांगलं वेल्डिंग करते ती."

मुलाखतीला ती ओव्हरऑल घालून आली. नितीनने तिला प्रॅक्टिकलचं सांगून ठेवलं होतं. केळकरांनी नाव विचारलं, आईवडिलांचं गाव विचारलं. आता किचनकडे नेणार म्हणून ती उठली.

"बस, बस," केळकर म्हणाले. "स्वयंपाक येतो का तुला?"

"येतो, काका. पण मी मेकॅनिकलचा आहे... आहे म्हणजे, मेकॅनिकल करते."

"छान. लग्नाचा काही विचार?"

मी ओरडलोच, "काका! नितीनला विचारलं होतं का हे?"

"नितीनला कोण मुलगी देणार, सांग!"

सगळे हसले. मंजिरीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. कुणीही तिला गॅरेजमध्ये नेलं नाही. कुणी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला नाही. चिवड्याची बशी दिली!

ती गेल्यावर मी तावातावाने भाषण केलं. विसावं शतक संपत आलंय, तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, तुमच्या स्वतःच्या हॉस्पिटलात बायका सर्जन आहेत!

"अरे, पण नाव यंत्र*बंधू* आहे," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले.

"मग बदला नाव!"

"लेटरहेड छापून झालंय," गोखले झोपेतूनच बोलले.

मी उठून उभा राहिलो. "मी राजीनामा देतो!"

"दे," केळकर म्हणाले. "पण आधी पोहे खा. सुधाने तुझ्यासाठी बिनमिरचीचे वेगळे केलेत."

मी पोहे खाल्ले. राजीनामा राहिला. पण एवढं मात्र त्यांच्याकडून वदवून घेतलं, की इतर मुलांसारखंच प्रॅक्टिकल झाल्याशिवाय मंजिरीला नापास करायचं नाही. पुढच्या रविवारी परत बोलवायचं.

*

तो रविवार. भारताची मॅच चालू होती. टीव्हीवर ती दाखवत नव्हते; फक्त रेडिओ बोलतोय, केळकर त्याच्याकडे कान लावून. गोखल्यांचे डोळे मिटलेले. मंजिरी पुन्हा ओव्हरऑलमध्ये, सोफ्याच्या कडेवर. सुधाकाकू चहाचे कप गोळा करत होत्या.

"काका, प्रॅक्टिकल," मी म्हणालो.

केळकरांनी रेडिओवरची नजर न काढता हात पसरले. "अरे, पंचाईत झालीये. मधल्या दिवसांत नितीनच्या पोरांनी सगळं गॅरेज दुरुस्त करून टाकलं. घरात बिघडलेली एकही वस्तू नाही. बिघडलेलं नाही तर परीक्षा कशाची घेणार?"

"मिक्सर?"

"चालतो."

"हेअर ड्रायर?"

"शेजारीण घेऊन गेली. आता पुढच्या जूनमध्ये बघू. काय गं मंजिरी? तोपर्यंत काहीतरी बिघडेलच."

पुढचा जून! सप्टेंबरमध्ये तिचा कोर्स जाणार, आणि हा माणूस शांतपणे पुढचा जून म्हणतोय! मंजिरीने बॅग उचलली. "थँक्यू, काका," ती म्हणाली, आणि काकूंना नमस्कार करायला वळली.

काकूंनी हातातले कप टेबलावर ठेवले. पदराला हात पुसले. शांतपणे कपाटापाशी गेल्या, कॉमेंटरी बोलणारा रेडिओ दोन्ही हातांनी उचलला, खांद्यापर्यंत नेला, आणि सोडला.

कॉमेंटरी अर्ध्या वाक्यात तुटली.

"सुधा!" केळकर किंचाळले.

"बिघडला," काकू म्हणाल्या. मग मंजिरीकडे वळून, अगदी केळकरांच्याच सुरात: "हे चालू करून दाखव, मग पुढचं बोलू. स्क्रूड्रायव्हर खालच्या ड्रॉवरमध्ये आहे."

मंजिरीने बॅग खाली ठेवली. ड्रॉवरकडे गेली नाही. रेडिओलाही हात लावला नाही. आधी भिंतीपाशी गेली, स्विच बंद केला आणि प्लग उपसून काढला.

"पास," गोखले म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

"अहो गोखले, पास काय! स्कोअर!" केळकर दोन्ही हात डोक्याला लावून उभे होते. "शेवटची जोडी खेळतीये हो!"

मंजिरी कार्पेटवर मांडी घालून बसली. पेटीचं मागचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं, आणि आतूनच विचारलं, "काका, स्टेशन कुठला होता?"