करडीवरचं वजन

रेसकोर्सवर तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'तागडीबाई'. तिचं कामच तसं होतं. कुठला घोडा किती पाण्यात आहे ते ओळखून त्याच्या नावापुढे एक आकडा लिहायचा. त्या आकड्याला रेटिंग म्हणत. आकडा जितका मोठा, तितक्या त्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या जास्त. दर आकड्याला अर्धा किलो. चांगल्याच्या पाठीवर ओझं, सुमाराला मोकळीक, म्हणजे शेवटच्या खांबाशी सगळे एका ओळीत यावेत. तसे ते कधीच येत नाहीत. पण आपल्या हातून एकदा तरी तसं व्हावं, अशी तिची फार इच्छा होती. ट्रेनर लोक तिच्यावर दात खाऊन असत, त्याचं तिला काही वाटत नसे. "सगळेच सारखे चिडलेत ना, म्हणजे आकडे बरोबर पडले," असं ती नवऱ्याला सांगे आणि निवांत झोपे.

घरात मात्र घोड्याचं नाव काढायचं नाही असा कायदा होता, आणि तो होता मागच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या दिरासाठी. भाऊजी लिफ्टदुरुस्तीचं काम करत. लग्न केलेलं नव्हतं, आवाज कधी चढत नसे, आणि रेसचा नाद मात्र हाडात मुरलेला. तरुणपणी याच्यात्याच्या टिपांवर पैसे लावून त्यांनी हात चांगलेच पोळून घेतले होते. तेव्हापासून ते शास्त्राने खेळत. शर्यती बघायच्या, आपले आकडे आपण काढायचे आणि जाहीर आकड्यांशी ताडून बघायचे. आपला आकडा जाहीर आकड्याच्या बराच वर गेला, तर त्या घोड्याला वजन स्वस्तात मिळालंय असं समजायचं आणि तिथेच पैसे लावायचे. वहिनीला ही नोकरी लागली तेव्हा, घरातलं कुणीही या कोर्सवर पैज लावणार नाही, असं तिने लिहून दिलं होतं. भाऊजींनीही आपण होऊन शब्द दिला. इथल्या शर्यती ते नुसत्या बघत आणि पैसे लावायला शेजारच्या शहरात जात.

हंगामातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीची वजनं पेपरात आली त्या सकाळी ती डबा भरत होती. नवरा दाढी करत होता. भाऊजी हातात पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, करडीला चौदा चढवलेत?"

तिने झाकण हातात तसंच धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी हा प्रश्न केला नव्हता.

"भाऊजी, घरात हा विषय नको."

"तीन शर्यतींत मागे राहिलेली घोडी. तिचा आकडा खाली यायला हवा होता. कुणीही खालीच आणला असता."

"मी तिन्ही शर्यतींची फिल्म पाहिली. जॉकी तिला मुद्दाम गर्दीत कोंडून ठेवतोय. शर्यत संपली तरी तिचा श्वास लागलेला नसतो. मोठ्या शर्यतीला हलकं वजन मिळावं म्हणून हे चाललंय. पण तुम्हाला त्याचं काय?"

"मीही तेच पाहिलं," भाऊजी हळूच म्हणाले. "पहिल्या शर्यतीतच. मला वाटलं, माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही."

मग ते स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या शर्यतीवर वजनं जाहीर व्हायच्या आधीच पैज घेतात, आणि तेव्हा भाव भरपूर मिळतो. भाऊजींनी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं, कंपनीच्या वॉचमनच्या नावावर, करडीवर लावलं होतं. आता ते परत मिळणार नव्हतं.

"कशासाठी?" तिचा आवाज चिरकला. "काय कमी होतं तुम्हाला इथे?"

"काही नाही. तेच तर. या वयात मला दादाच्या घरातली मागची खोली नको होती. स्वतःचं एक दार हवं होतं."

नवरा अर्ध्या दाढीचा साबण तसाच घेऊन आत आला होता. त्याने भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "हिची नोकरी घालवलीस तू," एवढंच तो म्हणाला आणि परत आरशासमोर गेला.

त्याच दिवशी दुपारी करडीच्या ट्रेनरचा अर्ज कमिटीपुढे होता. वजन अन्यायाने चढवलंय अशी त्याची तक्रार. ट्रेनर गोलमटोल, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये अध्यक्ष आणि दोन सभासद. भिंतीवरच्या पडद्यावर करडीची फिल्म चालू होती.

"साहेब, हरणाऱ्या घोडीला शिक्षा आणि जिंकणाऱ्याला सूट, असं आजवर कुठे ऐकलंय का?" ट्रेनर हसून म्हणाला. "बाईंना माझ्या जॉकीच्या मनातलंही दिसायला लागलं. आम्हाला बिचाऱ्यांना फक्त निकाल दिसतो."

सभासद हसले. तिने फिल्म थांबवून दाखवली. डावीकडे मोकळी वाट, तरी लगाम उजवीकडे ओढलेला. पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली.  आवाज शाबूत होता आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण चौदा म्हणजे फारच झालं. सातवर मिटवू या? त्यांचंही समाधान, तुमचाही मान."

सात. पाठीवरून एकदम साडेतीन किलो उतरलं असतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं, उलट समजूतदार बाई म्हणून नाव झालं असतं. भाऊजी स्टुलावर बसलेले तिला दिसले. तिने तोंड उघडलं, आणि तो 'बरं' अगदी ओठांवर आला आहे हे तिचं तिलाच जाणवलं. 

"साहेब, मला यावर बोलता येणार नाही," ती म्हणाली. "माझ्या घरातला पैसा या घोडीवर लागलाय. माझ्या दिराचा. मला आज सकाळी कळलं."

 ट्रेनरला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तो उसळून उभा राहिला. "बघा! म्हणजे हे सगळं पैशासाठी..."

"ती जिंकावी म्हणून लावलाय," ती म्हणाली.

ट्रेनर उघड्या तोंडाने खाली बसला. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला. "म्हणजे हे चौदा तुम्ही तुमच्याच घरावर टाकलेत."

"टाकले तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता मी सातला हो म्हटलं तर ते तुमच्यासाठी की दिरासाठी, हे माझं मलाही सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या."

तिला बाहेर बसवलं. व्हरांड्यातल्या बाकावर ती हातात पर्स घेऊन बसून राहिली. आत दुसऱ्या कोर्सच्या वजनवाल्याला फिल्म पाठवली, त्याने एकट्याने बघून बारा चढवा असं कळवलं. बारा ठरले. आणि चौकशी होईपर्यंत तिने खुर्चीवर बसू नये, हेही ठरलं.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी नवरा घरातून हलला नाही. ती आणि भाऊजी गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती तिकीट काढून कठड्याशी उभी राहिली. बातमी सगळीकडे फुटली होती, ओळखीचे लोक नजर चुकवत होते. भाऊजी तिच्यापासून हातभर लांब उभे होते. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

घोडे सुटले. करडी मधोमध होती. या वेळी तिला कोंडायचं कारणच उरलेलं नव्हतं. ट्रेनरचाही आता तिच्यावर जीव टांगलेला. वळणावर जॉकीने तिला बाहेर काढली, मोकळ्यात आणली, आणि करडी अशी निघाली की स्टँडमधून एकच आरोळी उठली. तागडीबाईने कठडा घट्ट धरला. मी म्हणत होते ना, असं तिचं एक मन ओरडत होतं. ये गं, ये, असं दुसरं विनवत होतं. आणि ही जिंकली तर आपलं वजन कमी पडलं, हे तिसरं काही केल्या गप्प बसत नव्हतं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते.

शेवटच्या पट्ट्यात ओझं दिसायला लागलं. करडीची मान खाली जाऊ लागली. आतून तपकिरी आला, त्याच्या बाजूने काळा, मागून आणखी तीनचार, आणि खांबाशी येताना सहा घोडे जणू एकाच दोरीला बांधल्यासारखे एका ओळीत पुढे झेपावले. कोण जिंकलं, कुणालाच कळेना. पंचांनी खांबाशी टिपलेला फोटो मागवला.

"सांगा," भाऊजी डोळे न उघडता म्हणाले.

"अजून निकाल नाही लागला."

फलकावर आकडे चढले. तपकिरी पहिला. करडी दुसरी, नाकपुडीभर मागे.

"दुसरी," ती म्हणाली.

भाऊजींनी डोळे उघडले. पैज फक्त जिंकण्यावर होती. ते फलकाकडे बघत राहिले, मग मैदानाकडे, जिथे सहाही घोडे फेसाळत माघारी वळत होते. "सहाच्या सहा," ते पुटपुटले. "असं मी कधी पाहिलं नव्हतं." आणि मग लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. तिने हातभर अंतर ओलांडून त्यांची बाही धरली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. छातीत आनंद दाटला होता आणि त्याची तिला भयंकर लाज वाटत होती.

चौकशीत ट्रेनरवर काही शाबीत झालं नाही. नुसती समज देऊन सोडलं. तिची नोकरी टिकली, खुर्ची गेली. तिला नव्या शिंगरांच्या नोंदणीवर टाकलं. गावोगावच्या पागांमध्ये जायचं, शिंगराचा रंग, कपाळावरची चांदणी, पायांवरचे पट्टे, अंगावरचे भोवरे टिपायचे. भाऊजींनी महिनाभरात कामावरच्या एका सोबत्याबरोबर भाड्याची खोली घेतली. नवऱ्याने सामान पोचवायला मदत केली, पण भावाशी बोलायला त्याला पुढचा हिवाळा उजाडला. भाऊजी रेसला जातात का, हे तिने विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका पागेत ती गवतावर उकिडवी बसली होती. समोर रात्रीच जन्मलेली शिंगी चारही पाय चार दिशांना टाकून उभं राहायच्या खटपटीत होती. दोनदा आपटली. तिसऱ्यांदा उभी राहिली आणि आपल्याच उंचीने दचकली.

"बाई, तुम्हाला यातलं कळतं म्हणतात," मोतद्दार म्हणाला. "काय वाटतं, कशी निघेल ही?"

"अरे, आधी दूध तरी पिऊ दे तिला," ती म्हणाली आणि कपाळावरची चांदणी नीट दिसावी म्हणून थोडी पुढे सरकली.