दम धरा, काका

आमच्या कंपनीच्या एचआर साहेबाने मला फसवलं. आधी माझं रक्त घेतलं आणि मग माझ्यात दम नाही म्हणून मला घरी बसवलं. साहेब पुण्याचा आहे, म्हणून हे मराठीत लिहितो. त्याची मुलं आता इंग्रजीतच उत्तरं देतात, पण त्याला स्वतःला अजून मराठी वाचता येतं.

मी गुहागरकडचा. अबुधाबीजवळच्या मुसफ्फात परांच्या बांधणाऱ्या टोळीचा फोरमन. आलो तेव्हा खालून पाइप वर देणारा हेल्पर होतो. पुढचं सगळं भांडून मिळवलं. पगारवाढ भांडून, बढती भांडून, कॅम्पच्या खोलीतला चालणारा एसीसुद्धा भांडून. पण आमचं काम समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, आणि तिथे जायचा पास भांडून मिळत नाही. त्याला मेडिकल लागतं आणि मेडिकलमध्ये पायरीची टेस्ट असते. मशीनच्या तालावर ठोकळ्यावर चढायचं, उतरायचं. ताल वाढत जातो. नाडी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की खलास. पास गेला की काम गेलं, काम गेलं की व्हिसा गेला. पन्नाशीच्या फोरमनला नवीन व्हिसा कोण देतो?

आजवर ती टेस्ट मी गप्पा मारत पार केली. या वेळी नेमक्या त्याच आठवड्यात साहेब कॅम्पवर आला. दुबईत ऊद मेथाला त्याच्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं आणि कंपनीची बस भरायची होती.

"काका, तुम्ही बसमध्ये चढलात की तुमची सगळी टोळी चढेल."

"चढतो. पण माझी टेस्ट पुढच्या महिन्यात ढकला. रक्त भरून येऊ दे."

"अहो, एवढ्याशा रक्ताने काय होतंय? वाघ आहात तुम्ही!"

"वाघाला मेडिकल नसतं, साहेब. तारीख बदलणार का ते बोला."

"इन्शाल्ला."

"ते अरबाला सांगा. मला मराठीत सांगा."

तो हसला. "बरं बाबा, बदलून घेतो. शब्द."

इन्शाल्लावर मी या देशात कधी एक क्लॅम्पसुद्धा कुणाला उसना दिलेला नाही. पण हा शब्द मराठीत होता. मी बसमध्ये चढलो, माझ्यामागे टोळी चढली. रक्त दिलं, ज्यूस प्यालो, बॅनरखाली फोटो काढला. फोटोत साहेबाचा हात माझ्या खांद्यावर आहे.

दोनच दिवसांनी सकाळी ड्रायव्हरचा फोन आला. "चाचा, मेडिकल में तुम्हारा नाम है. यल्ला, नीचे आओ." साहेबाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, कापला. गैरहजर राहिलो तर आपोआप नापास. गेलो.

सुरुवातीला बरं चाललं. मग ताल वाढला आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायला लागली. हवा आत येत होती, ती मला कळत होती, पण मांड्यांना ती मिळतच नव्हती. आधी मांड्या भरून आल्या, मग जळायला लागल्या, मग परक्या झाल्या. मी पाय उचल म्हणायचो आणि पाय विचार करायचा. मशीन बोंबललं.

"बस चाचा, उतरो," टेस्ट घेणारा म्हणाला.

"एक मिनिट और दे, भाई. देख, पसीना भी नहीं आया."

घाम हनुवटीवरून त्याच्या मशीनवर ठिबकत होता.

डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "अभी खून दिया था क्या?" मग समजावलं. श्वास हवा फुप्फुसात आणतो, पुढे स्नायूंपर्यंत ती रक्तातल्या लाल पेशी नेतात. रक्तातलं पाणी लवकर भरून येतं, पण लाल पेशी भरायला आठवडे लागतात. तोवर हृदय भरपाई करायला जोरात धावतं, तरी प्राणवायू कमी पडतो आणि स्नायू हात टेकतात.

मला ते लगेच पटलं. परांची चढवताना माणसांची साखळी असते, पाइप हातोहात वर जातो. मधली चार माणसं काढून घ्या. खाली पाइपांचा ढीग पडलेला असतो आणि वरचा फिटर रिकाम्या हाताने बसून राहतो. त्या फिटरला कोणी आळशी म्हणेल का?

"जे दिसलं तेच लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "कंपनीने पत्र दिलं तर महिन्याने पुन्हा टेस्ट घेतो."

म्हणजे सगळं साहेबाच्या एका पत्रावर आलं. बस पकडून अबुधाबीच्या ऑफिसात गेलो. हात जोडले. हो, मी, हात जोडले.

तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "सिस्टीममध्ये अनफिट दाखवतंय. जरा दम धरा, काका."

तिथे माझं डोकं सटकलं. "दम धरू? माझा दम तुझ्या शिबिरात पिशवीत भरून दिलाय! तो आधी आण, मग धरतो!"

"आवाज खाली. मी फक्त बघतो म्हणालो होतो."

"बदलून घेतो म्हणालास. शब्द म्हणालास."

"आणि रक्त तुम्ही स्वखुशीने दिलंत, काका."

दीड महिना झाला, पत्र आलं नाही. मी रोज फोन करतो, तो उचलत नाही. घरी बायकोला सांगितलंय की प्लॅटफॉर्मवर नेटवर्क नाही, म्हणून फोन कमी करतो. दिवसभर कॅम्पचा जिना चढतो, उतरतो. आता मांड्या भरून येत नाहीत. छाती शांत असते. रक्त परत आलंय, दम परत आलाय, आणि तो मोजायला कुणी नाही. काल व्हिसा कॅन्सलच्या कागदावर सही करायला बोलावलं होतं. गेलो नाही. उद्या सिक्युरिटी घेऊन येतील.

साहेब, सही मी करणार नाही. आधी तुम्ही खाली या, या जिन्यापाशी उभे राहा आणि माझ्या टोळीसमोर, मराठीत सांगा: शब्द दिला होतात की नाही?