चौथ्या साहेबांचं टेबल

आमचे मिस्त्री म्हणजे वल्ली. परदेशात सहा वर्षं सुतारकाम करत होते. मी रंगारी, त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा.

मागच्या सुट्टीला घरी जाऊन आले, पुढे गावी त्यांना मुलगी झाली आणि मिस्त्रींचे पाय जमिनीला लागेनात. वॉचमनलासुद्धा फोटो. सुट्टीचा पत्ता नव्हता, पण झबली सात घेऊन ठेवली. बाजारात तुरी म्हणतात ना, तसला प्रकार. कारण कामगाराला देशाबाहेर जायला परवाना लागतो, आणि नेमकं तेव्हाच तिथलं सरकार डळमळायला लागलं. परवाना कार्यालयात दोन महिन्यांत तीन साहेब बदलले. उगाच अंगाशी यायला नको म्हणून सही एकानंही केली नाही.

त्या कार्यालयाचं काम आमच्याच कंत्राटदाराकडे होतं. नव्या साहेबाला जुन्याचं काहीच चालायचं नाही. एकाला टेबल खिडकीशी हवं, दुसऱ्याला दाराशी. मी भिंत रंगवायची, मिस्त्रींनी टेबल हलवून पायाखाली पाचर ठोकायची. त्यांची एक जुनी खोड होती. गिऱ्हाइकानं टेबलावर स्वतः लिहून बघितल्याशिवाय ते हत्यारं आवरत नसत.

चौथे साहेब आले तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. मिस्त्रींनी पाचर ठोकली, टेबल पुसलं आणि खिशातला अर्ज साहेबांपुढे ठेवला.

"साहेब, सही करून बघा. डुगडुगतंय का ते कळेल."

"कोऱ्या कागदावर करतो की."

"त्यावर हात हलका पडतो, साहेब. खऱ्या कागदावर माणूस दाबून लिहितो."

भीतीनं माझा ब्रश बादलीत पडला. साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. "मुलगी कशी आहे?" एवढंच विचारायचा अवकाश, मिस्त्रींनी फोटो काढला. साहेब हसायलाच लागले.

"मी तरी इथे किती दिवस टिकणार," ते म्हणाले. त्यांनी सही केली, शिक्का मारला. "हललं का?"

"टेबल नाही साहेब. मीच हलतोय."

येताना हा चाळिशीचा बाप्या भर रस्त्यात करवत घेऊन नाचला. मला लाज वाटली, मग मीही नाचलो.

आठवड्यात चौथे साहेब गेले. पाचव्यांचं टेबल मी एकटा ढकलत होतो, तेवढ्यात गावाहून मिस्त्रींचा फोन आला.

"पोरगी मला बघून चार दिवस भोकाड पसरत होती. आणि पाळणा डुगडुगतोय."

"मग ठोका की पाचर."

"नको रे. डुगडुगला की जागी होते, माझ्याकडे बघते. आज रडली नाही."