बिनदिव्यांचा ट्रेलर

आमच्याकडे कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाते. माझा नवरा हेमंत तर माझ्याही पुढचा. सरकारी खात्यात इंजिनिअर, प्रत्येक गोष्टीला कारण असतंच म्हणणारा. त्यामुळे आज मी हे लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय. पण जे झालं ते झालं...

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आम्ही दिल्लीत, मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायचो. बाजारात सारखी नवनवीन मॉडेल्स येत होती, शेजारी चकचकीत गाड्या घेत होते, आणि हेमंतने काय घेतलं, तर जुनी जीप. पहाडात जायचं, तंबू ठोकून राहायचं, हे त्याचं स्वप्न. सामान मावेना म्हणून फरीदाबादच्या एका वर्कशॉपमध्ये त्याने ट्रेलर बनवायला टाकला – जीपला मागे जोडायचा, दोन चाकांचा, दगडधोंड्यांतूनही जाईल असा चांगला उंच.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही तो आणायला गेलो. वर्कशॉपचे मालक जसपालजी यांनी हौसेने हिरवागार रंग दिला होता. फक्त दिवे बसवणारा माणूस गावी गेलेला. मागच्या पत्र्यात दिव्यांसाठी दोन गोल भोकं तेवढी पाडलेली. बल्ब नाही, काच नाही, वायर नाही. पुढच्या आठवड्यात न्या, जसपालजी म्हणाले. हेमंतला कुठला धीर! उजेडातच घरी पोचू, म्हणाला. मी कुरकुरले, पण त्याचा खुललेला चेहरा बघून जीपमध्ये बसले.

मथुरा रोडवर जो तो वळून बघत होता. सिग्नलला एका स्कूटरवाल्याने विचारलंसुद्धा, यात आइस्क्रीम विकणार का म्हणून. आम्ही हसत हसत कालिंदी कुंजच्या पुलावर चढलो... आणि आँधी आली.

दिल्लीकरांना वेगळं सांगायला नको. क्षणात सगळं पिवळं, मग तपकिरी. जीपचं बॉनेटही धड दिसेना. थांबावं तर मागून कुणी येऊन आदळणार, म्हणून हेमंत मुंगीच्या पावलाने गाडी पुढे काढत होता. मी सारखी मागे बघत होते. धुळीत दोन अंधुक हेडलाइट आमच्या मागे येत होते. आपण त्याला दिसणार तरी कसे?

तेवढ्यात समोर बंद पडलेला ट्रक! हेमंतने करकचून ब्रेक मारला. मागून टायर घासल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

धूळ जराशी बसल्यावर खाली उतरलो. ट्रेलरच्या मागे हातभर अंतरावर एक मिनीबस उभी होती. नोएडाला निघालेलं वऱ्हाड! ड्रायव्हर उतरला आणि त्याने हेमंतचे दोन्ही हात धरले.

"भाईसाब, आपकी बत्तियों ने बचा लिया. पुल पे चढ़े तब से उन्हीं के पीछे चल रहा था. आपने ब्रेक मारा, दोनों तेज़ हो गईं, तो मैंने भी मार दिया."

"कौन सी बत्तियाँ?" हेमंतने विचारलं.

ड्रायव्हरने ट्रेलरकडे बोट दाखवलं आणि त्याचा हात तसाच राहिला. मग जवळ जाऊन त्याने एका भोकात बोटं घालून पाहिली. त्याच्या शेजारी बसलेल्या, नवऱ्या मुलाच्या मामांना बोलावलं. त्यांनीही दिवे पाहिले होते. खुद्द नवरा मुलगा सेहरा सावरत उतरला आणि हळूच म्हणाला, "लाल थीं. मैंने भी देखी हैं."

शेवटी मुलाच्या वडिलांनी लाडवांचे दोन डबे आमच्या ट्रेलरमध्ये ठेवले आणि आम्हालाच लग्नाला घेऊन गेले. केसांत धूळ, कपड्यांत धूळ, तसंच आम्ही पोटभर छोले-पुरी जेवलो. मी तर नाचलेसुद्धा!

हेमंतने नंतर सगळ्या शक्यता तपासल्या. जीपचे दिवे दिसले असतील? सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने मागे उभं राहून पाहिलं – ट्रेलर उंच, जीपचे दिवे पार झाकले जात होते. भोकांतून उजेड आला असेल? ट्रेलरचा पुढचा पत्रा सलग, त्यातून काही येणं शक्यच नव्हतं.

यथावकाश दिवे बसले आणि आम्ही आरटीओत रजिस्ट्रेशनला गेलो. काउंटरवरच्या बाबूंना ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरचाच माहीत. त्यांनी आपुलकीने विचारलं, "खेती कहाँ है आपकी?" पहाडात फिरायला जायचंय हे ऐकून ते मनापासून हसले. मग इन्स्पेक्टर बाहेर तपासणीला आले. हेमंत त्यांच्याबरोबर मागे उभा राहिला, मी जीपमध्ये बसून ब्रेक दाबला.

"ठीक है," इन्स्पेक्टर म्हणाले आणि आत गेले.

हेमंत मात्र तिथेच उभा. त्याने मला पुन्हा ब्रेक दाबायला सांगितलं. मग आणखी एकदा. काही बिघडलंय का, म्हणून मी खिडकीतून विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "बघतोय नुसतं."

मी ब्रेकवर पाय तसाच ठेवला, त्याचं बघून होईपर्यंत. त्या दिवशी पुलावर त्या तिघांनी काय पाहिलं, याचं कारण त्याला आजवर सापडलेलं नाही. मलाही नाही... आणि खरं सांगू, आता आम्ही शोधतही नाही.