डोंगराकडे शुक्र, पाण्यावर दिवा

देवीवर मी रागावले होते, हे आधीच कबूल करते. नमस्कार तिला केला आणि नोकरी माझी जायची वेळ आली, मग रागावणार नाही तर काय!

मी प्रवासी विमानाची सहवैमानिक आहे. आमचं घर डहाणूतल्या सायवनचं, भात-नागली पिकवणारं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर एसटीतून दिसला की आई माझे हात धरून जोडायची. ती सवय इतकी मुरली की मुंबईहून उत्तरेला विमान नेतानाही डोंगर दिसला की हात आपोआप जुळतात. त्या पहाटे मात्र डावीकडे, समुद्रावर, एक केशरी दिवा दिसला. थोडा वेळ आमच्याबरोबर चालला, थांबला, सरळ वर गेला आणि नाहीसा झाला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी उजवीकडे वळून डोंगराला हात जोडले. कॅप्टनसाहेब तेव्हा मान खाली घालून आकडे बघत होते. त्यांना दिसले ते फक्त माझे जोडलेले हात.

नियमाप्रमाणे मी दिवा कळवला, त्यांनी हात कळवले. चौकशीवाल्यांनी निष्कर्ष काढला की पूर्वेला शुक्र होता, बाई भाविक आहेत, शुक्रालाच काहीतरी समजून त्यांनी हात जोडले. 'तो शुक्र होता' असं लिहून दिलं की विषय संपणार होता. नाहीतर सोमवारी वैद्यकीय मंडळासमोर उभं राहायचं, आणि तिथे शेरा वाईट पडला तर उडणं बंद. घरी बसून बसून माझीच खात्री डळमळली. खरंच डावीकडे होता का तो? खोटं कशाला बोलू, रविवारी देवळात गेले तेव्हा सही करायचं माझं ठरलं होतं.

ओटीच्या दुकानात मी नारळ घेत होते. शेजारी किनाऱ्यावरची एक मावशी, सुकी मासळी विकून दर्शनाला आलेली, दुकानदारणीला हातवारे करून सांगत होती.

"आवसेची पहाट. आमी बोंबील वाळत घालीत होतो. शुक्राची चांदनी डोंगराकडं, न् हा दिवा पान्यावर! सरळ वर गेला. वरशी इमान पन चाललेला. मी बोलली, त्या इमानवाल्यानं बघितला असंल का गो?"

नारळ माझ्या हातातून सुटला. "मावशी, त्या विमानात मी होते!" मी ओरडलेच. 'अमावस्येला कशाला निघतेस' म्हणून आईने मला त्याच दिवशी टोकलं होतं, त्यामुळे दिवसाची शंकाच नव्हती. एकमेकींचे हात धरून आम्ही नाचायच्याच काय त्या बाकी होतो. काय सांगू, इतका आनंद मला वैमानिक झाले तेव्हाही झाला नव्हता.

"मंग काय होता तो?" तिने विचारलं.

"माहीत नाही, मावशी."

"मंग तसंच सांग ना. त्यात लाज कसली?"

सोमवारी मी तसंच सांगितलं. दिवा डावीकडे होता, शुक्र उजवीकडे, काय होतं ते माहीत नाही, आणि हात मी डोंगराला जोडले. मंडळावरच्या वयस्कर डॉक्टरांनी एकच विचारलं, "हात जोडले तेव्हा विमान कोणाच्या हातात होतं?"

"कॅप्टनच्या. आधी मी 'युअर कंट्रोल' म्हटलं, त्यांचं 'माय कंट्रोल' ऐकलं, मगच हात सोडले."

डॉक्टर हसले आणि त्यांनी 'फिट' लिहिलं. चौकशीच्या कागदावर शुक्र तसाच राहिला. राहू दे बिचारा.

त्या मावशीला नेमकं तिथे कोणी उभं केलं, याची चौकशी मी करत नाही. देवीपुढे नाक घासून आले. शरण जाणं म्हणजे वाऱ्यावर सोडून देणं नव्हे, एवढं मला कळलं. जेवढं दिसलं तेवढं खरं सांगायचं, पुढचं विश्वासाच्या हाती द्यायचं, आणि मग हात मोकळे करायचे.

परवा पुन्हा तेच कॅप्टनसाहेब होते. डहाणू आलं तशी त्यांनीच हाक दिली, "बाई, तुमचा डोंगर आला. माय कंट्रोल."

मी हात जोडले. डोळे उघडून बघते तर साहेब डावीकडे, समुद्रावर नजर लावून बसले होते.