ताईचा रोही

लहानपणी आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेली होती. धाकटीच्या हातात कला आहे, आणि मोठीच्या हाताला काही जमत नाही. धाकटी मी. रांगोळी, मेंदी, मातीचे बैल, सगळं माझ्याकडे यायचं, आणि ताई पाट्यावर चटणी वाटत बसायची. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मीही त्याचा फार विचार केला नाही.

ताई लग्न होऊन रोहण्याला गेली, शेतीच्या घरात. मी पुलगावच्या एका शाळेत कारकून लागले आणि नाचणगावात राहू लागले. तिशीनंतर कधीतरी मला ओरिगामीचं वेड लागलं. एक चौकोनी कागद घ्यायचा, कात्री नाही, डिंक नाही, नुसत्या घड्या घालून त्यातून बेडूक, घोडा, फूल करायचं. मी मोबाईलवर व्हिडिओ बघायची आणि एकदा पाहिलेलं सहसा दुसऱ्यांदा पाहावं लागत नसे. शाळेत माझ्या टेबलावर कागदाची जनावरं रांगेनं उभी असत. शिक्षक म्हणत, "ही देणगी असते हो." मला ते पटत होतं.

मग एका वर्षी ताई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं आखडलेलीच होती. व्यायामासाठी रोज पुलगावच्या दवाखान्यात जावं लागे म्हणून ती पंधरा दिवस माझ्याकडे राहिली. रबरी चेंडू दाबून दाबून ती कंटाळली, तेव्हा मी तिच्यापुढे कागद ठेवले.

तिला पहिला बगळा जमायला तीन दिवस लागले. हात दुखत होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. ती प्रत्येक घडीला अडायची.

"इथं कागद आत काऊन दाबायचा?"

"तसाच दाबतात ताई."

"पण काऊन?"

मला कारण सांगता येईना. मी म्हटलं, "तू करून तं पाह्य."

"तुयं बरं आहे, तुया हातात कला आहे. मले आधी समजून घ्या लागते."

आणि मग तिनं एक अशी गोष्ट केली जी मी इतक्या वर्षांत केली नव्हती. तयार झालेला बगळा तिनं परत पूर्ण उलगडला आणि त्या सुरकुत्यांच्या कागदाकडे बघत बसली. मला तो कागद वाया गेल्यासारखा वाटला. तिनं पेननं त्यावर खुणा केल्या: ही चोच, हे शेपूट, हे दोन पंख. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा बेडूक मागितला आणि तोही उलगडला.

ती परत गेली तेव्हा खाकी कागदाचा एक गठ्ठा घेऊन गेली, वह्यांना कव्हर घालतात तो. आठवड्याभरानं फोनवर म्हणाली, "मले रोही करायचा आहे."

रोही म्हणजे नीलगाय. ताईच्या शेतातल्या तुरीत कळप शिरतो, आणि घरातली सगळी माणसं त्यांच्यावर चिडून असतात. ताई मात्र बांधावर उभी राहून त्यांना बघायची, हे मला तेव्हाच कळलं. रोह्याचा व्हिडिओ मला कुठे सापडला नाही. "कोणी केलाच नसंन तं मीच करतो," ती म्हणाली. तिकडच्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल असंच बोलते, 'करतो', 'जातो'.

नवीन आकृती स्वतः रचणं हे दुसऱ्याची आकृती घडवण्यापेक्षा वेगळं काम आहे, हे मला ऐकून माहीत होतं. तरी तिनं रोह्याचं नाव काढल्यावर मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी दुपारी बसले आणि चार तासांत रोही केला. देखणा झाला. ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "मस्त आहे वं. मले नाई येत असा." आणि ती आपल्या कामाला लागली.

तो रोही घेऊन मी नागपूरला गेले. तिथे कागदकामाची आवड असलेल्यांचं एक छोटं संमेलन होतं. कोणत्या आकृती दुसऱ्यांच्या, कोणत्या स्वतःच्या, हे चिठ्ठीवर लिहायचं होतं. मी 'स्वतःची' लिहिलं. एक वयस्क बाई बराच वेळ रोह्यापुढे थांबल्या.

"उलगडू का थोडा?"

मी हो म्हटलं. त्यांनी अर्धवट उलगडला, परत मिटला आणि जपून जागेवर ठेवला. "इथपर्यंत हा नेहमीचा घोडाच आहे," त्या म्हणाल्या. "मान तेवढी तुम्ही बदललीत. हात फार चांगला आहे तुमचा." त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. आजूबाजूला कोणी ऐकलं नव्हतं. मी चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली.

ताईचा रोही व्हायला पुढची तूर निघावी लागली. मध्ये ती फोटो पाठवायची: तीन पायांचा, मान नसलेला, एकदा नुसतं पोतं वाटावं असा. मी 'छान' लिहायची. शेवटी मी रोहण्याला गेले तेव्हा तिनं तो फळीवरून काढून माझ्या हातात दिला. पाय जाड होते, तोंड बोथट होतं. पण तो रोहीच होता. खांदा उंच, पाठ मागे उतरत गेलेली, आणि आत्ता पळेल अशी मान वर.

"कसा केला?"

तिनं खाकी कागद पसरला आणि त्यावर वाट्या आणि डब्यांची झाकणं मांडली. "हे पाह्य. पाय कोपऱ्यात घेतला तं त्याले चतकोर भाकरीएवढा कागद लागते. कडेले घेतला तं अर्धी भाकर. अन् मधात घेतला तं पुरी भाकर जाते. म्हणून चार पाय चार कोपऱ्यात, डोकं एका कडेले, शेपूट दुसऱ्या कडेले. उरते ते पोट."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. उलगडून उलगडून तिला ते दिसलं होतं.

मी तिला नागपूरची गोष्ट सांगितली. ती वाट्या गोळा करत होती.

"ते तं मले तवाच दिसलं होतं," ती म्हणाली. "मांगचे पाय घोड्याचे होते. रोह्याची पाठ अशी सरळ नसते."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू खूश होती ना वं."

तिनं चहा ठेवला आणि आम्ही तिच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोललो.

देणगी खोटी असते असं मी म्हणत नाही. माझी बोटं आजही ताईपेक्षा सफाईदार आहेत, आणि तिचाच रोही मी केला तर तिच्याहून नीट होतो. पण माझ्या बोटांना सगळं लवकर यायचं, म्हणून कुठे थांबून विचारायची वेळच माझ्यावर आली नव्हती. ताई पहिल्या घडीपासून थांबत आली होती.

मागच्या दिवाळीपासून मी संध्याकाळी शाळेतून आल्यावर एक तरी आकृती उलगडून बघते. कंटाळवाणं काम आहे. सध्या टिटवी करते आहे. तिच्या लांब काड्यांसारख्या पायांना कागद पुरत नाही. पंखांचा कागद पायांना दिला की पंख चिमणीचे दिसतात. आतापर्यंतच्या सगळ्या टिटव्या तोंडावर पडतात. चोच मात्र बरी जमली आहे.