बर्डीसाठी घेतलेलं टायर

मोठा भाऊ गेला त्याला दोन महिने होत आले. भेटायला येणारे त्याच्या शेतीबद्दल बोलतात, मी मान डोलावतो. मला मात्र तो आठवतो मोटारसायकलवर, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला आणि विनाकारण आनंदात.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पिंपळगाव राजाकडच्या आमच्या खेड्यात तेवढी एकच मोटारसायकल. तिच्यावर ना पोतं जायचं, ना वखर. भाऊ निव्वळ हौसेने ती शेतांमधल्या पांदणीतून, नाल्यातून हिंडवायचा. साध्या टायरच्या खाचा काळ्या मातीने लगेच बुजत, म्हणून त्याने मागच्या चाकासाठी लष्कराच्या मोडीतलं टायर मागवलं. ते नांदुऱ्याच्या स्टेशनवर पार्सलने आलं. रबराचे अंगठ्याएवढे ठोकळे आणि मधे खोल खाचा. वडिलांनी चाचपून पाहिलं.

"हे तं मगरीची पाठ हाये बे. काय कामाचं?"

"याच्यानं बर्डी चढतो, बाबा."

बर्डी म्हणजे गावामागची टेकडी. शेळ्यासुद्धा तिच्यावर तिरप्या चालून जातात. वडिलांनी जागच्या जागी अट घातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळ्यांसमोर बर्डी चढली तर गाडी राहील, नाही तर विकायची.

करीला बैलांना आराम, म्हणून माणसंही रिकामी. अर्धं गाव पायथ्याशी जमलं. भावाने लहानपणापासून बैलगाडी हाकलेली. चढावर ओझं पुढे घ्यायचं, मागे राहिलं तर जू वर उचलतं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. त्याने मला मागच्या सीटवरून उतरवलं. "उतर बे मास्तर, तुह्यं ओझं नको." स्वतः पेट्रोलच्या टाकीवर ओणवा झाला. चाकात हवाही टिच्च भरलेली, बैलगाडीच्या लोखंडी धावेसारखी.

अर्ध्या चढावर मागचं चाक जागीच फिरू लागलं. मुरूम उडाला, गाडी घसरत खाली आली.

"अबे, हे तं जातं हाये! जागीच दळून राह्यलं," काका ओरडले. सगळे हसले.

दुसऱ्या खेपेला त्याने थोडी हवा सोडली. टायर पसरलं, ठोकळे रुतले, गाडी दहा हात जास्त गेली आणि पुन्हा तेच. वडील हसले नाहीत. "अजून एक डाव पाह्य. मंग बास."

वहिनी बायकांत उभी होती. सासऱ्यांसमोर ती मोठ्याने बोलत नसे. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, बैलगाडीचे बैल समोर असतात. या गाडीचे बैल मांगच्या चाकात हायेत. मंग हे ओझं समोर काऊन घेऊन राह्यले?"

मी विज्ञान शिकवत होतो. मला हे सुचलं नव्हतं. मी जाऊन भावाला सांगितलं. त्याने क्षणभर वहिनीकडे पाहिलं आणि तो खदखदून हसला.

"बस बे मास्तर, अगदी मांग. पुस्तकं बी आनली असती तं बरं झालं असतं."

मी त्याच्या पाठीला चिकटलो नाही, चाकाच्या बरोबर वर बसलो. गाडी निघाली. टायरचा एकेक ठोकळा मुरमाला चावताना मला कण्यात कळत होता. जिथे दोनदा घसरलो तो उकरलेला पट्टा आला, चाक एकदा कुरकुरलं, आणि आम्ही त्याच्यावरून पुढे गेलो. मग डोळ्यांसमोर नुसतं आभाळ, आणि एकदम सपाट जमीन! वरच्या शेंदऱ्या दगडाभोवती त्याने गाडीच्या तीन फेऱ्या मारल्या. मी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मी ओरडत होतो. काय ओरडलो ते माहीत नाही. खाली टोप्या उडताना दिसत होत्या.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. वडिलांनी भावाला विचारलं.

"वरतून आपलं वावर दिसते काय बे?"

"दिसते, बाबा. विहिरीसकट."

वडिलांनी ताटातली भाकर मोडली.

"उद्या सकाळी ने मले. मांग बसतो."